चिंता न घालवता चिंतेवर उपचार: स्वीकारावर आधारलेली गटथेरपी म्हणजे नेमकं काय?

‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला आपल्याकडे फुकट आणि मुबलक मिळतो. त्याच्या जोडीला ‘मन दुसरीकडे गुंतव’, ‘चांगले विचार कर’, ‘जरा फिरून ये’ हेही असतंच. हे सगळं करून थकलेला माणूस शेवटी धीर करून डॉक्टर गाठतो, तिथून त्याला समुपदेशकाकडे पाठवलं जातं, आणि समुपदेशक म्हणतो, ‘आपण चिंता घालवायचा प्रयत्न जरा थांबवू या. आणि दर बुधवारी संध्याकाळी आमचा दहाजणांचा गट बसतो, त्यात येत जा.’

ऐकणारा चक्रावणारच. जी घालवायला आलो ती ठेवून घ्यायची? आणि चार लोकांसमोर बोलताना ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, त्याला दहा लोकांत बसवायचं? गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात असे गट दिसू लागले आहेत, ऑनलाइनही भरतात. त्यामुळे हे काय प्रकरण आहे, ते समजून घेऊ.

आधी चिंतेचं शरीर

धोका जाणवला की मेंदू शरीराला पळायच्या किंवा लढायच्या तयारीत आणतो. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून हातापायाला मुंग्या येतात, गरगरतं, आपण आपल्यात नाही असं वाटतं. हे सगळं काही मिनिटांत शिगेला पोचून ओसरतं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्या क्षणी मात्र माणसाची खात्री असते की हा हार्ट अटॅकच. ईसीजी नॉर्मल निघतो, घरचे हुश्श करतात, आणि त्याला वाटतं, आपल्यावर कुणाचा विश्वासच नाही.

एवढ्याने आजार होत नाही. आजार पुढे बनत जातो. समजा, डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्या एका बाईला फास्ट लोकलच्या गर्दीत असा अटॅक आला. दुसऱ्या दिवसापासून ती स्लो गाडी पकडते, कारण तिथे दर दोन-चार मिनिटांनी स्टेशन येतं, उतरता येतं. मग दारापासून दूर उभं राहणं बंद. मग पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळीची स्ट्रिप, आणि फोनवर नवरा. मग घरून काम मिळतंय का याची चौकशी. सहा महिन्यांनी तिला अटॅक क्वचितच येतो, पण ती माहेरीही जात नाही, कारण वाटेत गाडी बदलावी लागते.

या बाईची चिंता कमी झाली की वाढली? अटॅक मोजले तर कमी झाली. तिने काय काय सोडलं ते मोजलं, तर आजार चांगलाच फोफावला. पुढच्या सगळ्या लेखाचं सूत्र इथेच आहे: चिंता किती आहे यापेक्षा चिंतेपायी काय सोडलं, हे जास्त महत्त्वाचं.

घालवायला गेलं की का वाढते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं: पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. त्याहून गमतीचा भाग नंतरचा. पुढच्या पाच मिनिटांत अस्वलाचा विचार करायला मुभा दिली, तेव्हा सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात तो जास्त वेळा आला.

कारण असं, की विचार येत नाही ना हे तपासण्यासाठीही मनाला तोच विचार हाताशी ठेवावा लागतो. चिंतेत याच्या जोडीला शरीर येतं. ‘धडधडतंय का?’ म्हणून छातीकडे लक्ष गेलं की धडधड जाणवते, जाणवली की भीती वाटते, भीतीने धडधड वाढते.

टाळण्याचंही असंच उलटं होतं. स्लो गाडीत त्या बाईला सुटल्यासारखं वाटतं, म्हणजे टाळण्याला लगेच बक्षीस मिळतं. पण फास्ट गाडीत बसून काही होत नाही, हे कळायची संधी तिने गमावलेली असते. बाटली, स्ट्रिप, फोन यांना उपचाराच्या भाषेत सुरक्षा-वर्तन म्हणतात. प्रवास सुखरूप झाला की श्रेय बाटलीला जातं.

उपचार काय सांगतो?

या विचारातून आलेल्या पद्धतीचं नाव ‘स्वीकार आणि कटिबद्धता उपचार’. इंग्रजी आद्याक्षरांवरून जगभर तिला ‘अ‍ॅक्ट’ म्हणतात. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाचे स्टीव्हन हेस यांनी ती 1980 च्या दशकात विकसित केली. हेस यांना स्वतःला पॅनिकचा आजार होता. पहिला अटॅक 1978 साली विभागातल्या प्राध्यापकांच्या बैठकीत आला, बोलायची पाळी आली आणि तोंडातून शब्द फुटेना, हे ते जाहीरपणे सांगतात. मानसशास्त्राचा प्राध्यापक, आणि त्याचीच ही गत. मला या पद्धतीबद्दल थोडा जास्त विश्वास वाटतो तो यामुळे.

पुस्तकात अ‍ॅक्टचे सहा घटक असतात. सामान्य वाचकाला तीन पुरेत. पहिला, शरीरातली आणि मनातली खळबळ हाकलायची खटपट न करता तिला जागा देणं. दुसरा, विचाराकडे विचार म्हणून बघणं. ‘मी बेशुद्ध पडणार’ आणि ‘मी बेशुद्ध पडणार असा विचार मला येतोय’ यांत बराच फरक आहे. तिसरा, आपल्याला आयुष्यात काय मोलाचं वाटतं ते ठरवून त्या दिशेने एक छोटं, ठोस पाऊल टाकणं, चिंता सोबत असली तरी.

तिसरा नसेल तर पहिले दोन पोकळ. धडधड उगीच कोण सहन करेल? माहेरी आजारी आईला भेटायचंय म्हणून धडधडीसकट गाडीत चढायचं, यात अर्थ आहे.

बंद दाराआड गटात काय चालतं?

साधारण आठ ते बारा माणसं, दीड-दोन तास, आठवड्यातून एकदा, दोन-तीन महिने. एक किंवा दोन प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ. पहिल्या दिवशी नियम ठरतात: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, कुणी कुणाला सल्ले द्यायचे नाहीत, बोलायची सक्ती नाही. दुसरा नियम पाळणं मराठी माणसाला सगळ्यात जड जात असणार.

सुरुवातीला बहुधा एक उजळणी असते: चिंता घालवायला आजवर काय काय केलं? फळ्यावर यादी चढत जाते. प्राणायाम, उपास, गूगल, दारू, अंगठी, तिसरे हृदयरोगतज्ज्ञ, घराबाहेर न पडणं. मग प्रश्न येतो की यातून तात्पुरती सुटका किती झाली, आणि वर्षभरात आयुष्य मोठं झालं की लहान? एकट्याने ही यादी केली तर अपराधी वाटेल. इथे दहाजणांच्या याद्या बऱ्याच अंशी सारख्या निघतात आणि लोक हसू लागतात.

मग सराव. काही गटांत पहिल्या भेटींमध्ये हातावर एक बेदाणा ठेवतात आणि तो पाच-दहा मिनिटं बघत, हुंगत, चघळत खायला सांगतात. (तासगावच्या माणसाला हे शिकवायला लागणार नाही असं वाटेल, पण मूठभर तोंडात टाकणं वेगळं.) उद्देश लक्ष जागेवर आणायचा सराव हा. मन भरकटतं, पुन्हा आणायचं. शांत वाटलं तर ठीक, नाही वाटलं तरी ठीक.

एक व्यायाम शब्दांचा. ‘लिंबू’ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. आता तोच शब्द अर्धा मिनिट सगळ्यांनी मिळून भराभर म्हणायचा. थोड्या वेळाने उरतो नुसता आवाज. मग प्रत्येकाने आपला छळणारा शब्द घ्यायचा, ‘नालायक’, ‘वेडी’, ‘फजिती’, आणि त्याचं तेच करायचं. शब्द तोच राहतो, त्याचा चावा कमी होतो. दुसऱ्या एका व्यायामात सगळ्यात नकोसा विचार चिठ्ठीवर लिहून आठवडाभर खिशात ठेवायचा. रोज तो सोबत ऑफिसात जातो, बाजारात जातो.

जगभरच्या अ‍ॅक्ट गटांत बसचं नाटक होतं. इथे ती एसटी समजा. खुर्च्या मांडायच्या, एकजण ड्रायव्हर, बाकीचे प्रवासी. गाडीची पाटी ड्रायव्हर स्वतः लिहितो: ‘मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन’. प्रवासी म्हणजे त्याचे विचार आणि भीती. ते मागून ओरडत राहतात, ‘सगळे तुझ्याकडे बघतील’, ‘तिथे पॅनिक आला तर?’, ‘वळव गाडी’. पहिल्या फेरीत ड्रायव्हर मागे वळून त्यांच्याशी भांडतो, म्हणजे गाडी थांबते. दुसऱ्या फेरीत तो त्यांचं ऐकतो, गाडी भलत्याच रस्त्याला लागते. तिसऱ्या फेरीत तो त्यांचा गोंगाट ऐकत ऐकत गाडी पाटीवरच्या गावाला नेतो. प्रवासी उतरत नाहीत, स्टिअरिंगही धरू शकत नाहीत. आणि ज्यांनी प्रवासी होऊन आरडाओरडा केला, त्यांनाही कळतं की हे संवाद आपल्याला कसे तोंडपाठ आहेत.

पुढच्या भेटींत प्रत्यक्ष सामना येतो. पॅनिकवाल्यांना जागच्या जागी धावून धडधड, फिरत्या खुर्चीत गरगरून चक्कर मुद्दाम आणायला सांगतात. हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करत नाहीत. लोकांसमोर घाबरणारा दोन मिनिटं उभा राहून बोलतो. शेवटी प्रत्येकजण गटासमोर सांगतो की येत्या आठवड्यात आपण काय करणार. ‘आत्मविश्वास वाढवणार’ हे चालत नाही. ‘गुरुवारी ठाण्यापर्यंत फास्ट लोकलने जाणार’ हे चालतं.

एकट्याने डॉक्टरांसमोर बसून हे होणार नाही का?

होतं. अ‍ॅक्ट एकेकट्याला देताच येते. गटाचं वेगळेपण दुसरीकडे आहे.

गटउपचाराचा उगम 1905 साली बॉस्टनमध्ये सांगतात. जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर क्षयाच्या गरीब रुग्णांना आहार-विश्रांतीची माहिती एकत्र बसवून देत, एकेकट्याला सांगण्यात वेळ जातो म्हणून. मग लक्षात आलं की रुग्ण एकमेकांना बघूनच उभारी धरतात. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामामुळे गटाची ताकद लोकांना ठाऊक आहे; पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे करत आलं आहे. दारू सोडणाऱ्यांनी गोल करून बसणं आपल्याला पटतं, चिंताग्रस्तांनी बसणं मात्र विचित्र वाटतं.

सामाजिक चिंतेत, म्हणजे लोक आपल्याला तोलतील या भीतीत, तर गटाला पर्याय शोधणं अवघड आहे. ज्या गोष्टीची भीती ती समोर खुर्च्या मांडून बसलेली असते. खोलीत शिरून नाव सांगणं, हाच अर्धा उपचार. शिवाय समोरचा बोलताना त्याचे हात थरथरतात हे आपल्याला दिसतं, आणि आपण त्याला हसत नाही हेही आपल्याच लक्षात येतं.

‘स्वीकार म्हणजे सोसत राहणंच ना?’

हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, विशेषतः बायकांच्या बाबतीत. ‘आहे ते मान्य करून घे’ हे वाक्य त्यांनी उपचारकेंद्राबाहेर भरपूर ऐकलेलं असतं.

स्वीकार करायचा तो आतल्या गोष्टींचा: धडधड, भीती, शरम, डोक्यातले विचार. बाहेरच्या परिस्थितीचा नव्हे. मारणारा नवरा, पगार अडकवणारा मालक, छेडणारा वरिष्ठ यांच्यापायी वाटणारी भीती आजार नसते, ती खरी खबर असते. तिथे सुरक्षितता, कायदा, नोकरी, घर यांचा विचार आधी. अ‍ॅक्टचा उपयोग झालाच तर उलटा होतो: पोटात गोळा असतानाही तक्रार नोंदवता येणं. एखादा गटचालक घरच्या छळाला ‘स्वीकारा’ म्हणत असेल, तर त्याला हा उपचार कळलेला नाही. तिथून उठून यावं.

‘आरईबीटी आहे, विपश्यना आहे, यात नवं काय?’

कि. मो. फडके यांच्या कामामुळे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आरईबीटी, मराठी वाचकांना अनेक वर्षं परिचित आहे. तिथे अविवेकी समजुतीला उलटतपासणीला उभं करतात: ‘फजिती झाली तर मी संपेन’, याला पुरावा काय? अ‍ॅक्ट हा वाद घालत नाही. विचार खरा की खोटा यापेक्षा, त्याच्या मागे गेल्याने तुझं आयुष्य कुठे जातंय, एवढंच विचारते. वाद घालण्यात तरबेज माणसाला आरईबीटी छान जमते. स्वतःशी वाद घालून घालूनच जो दमला आहे, त्याला दुसरी वाट बरी पडू शकते. दोन्हींचे रस्ते पुढे बऱ्याच ठिकाणी मिळतात, कारण भीतीला सामोरं जाण्याचा गृहपाठ दोन्हीकडे चुकत नाही.

विपश्यनेशी साम्य आहेच. संवेदना येऊ द्यावी, जाऊ द्यावी, प्रतिक्रिया देऊ नये. पण इगतपुरीचं शिबिर दहा दिवसांचं, मौनाचं आणि साधनेसाठी आहे. गटउपचारात बोलायचं असतं, घरी जायचं असतं आणि सोमवारी लोकलही पकडायची असते. तीव्र चिंता असलेल्याने उपचार म्हणून थेट दहा दिवसांच्या मौनात शिरू नये असं माझं मत आहे. शिबिरवालेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना सावध करतात.

गुण येतो याला पुरावा?

आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा चमकदार नाही.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये नॅन्सी कोकोव्हस्की, जॅन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी सामाजिक चिंतेच्या 137 रुग्णांवर अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. काहींना स्वीकारावर आधारलेला गट, काहींना सीबीटीचा गट म्हणजे विचार तपासून वर्तन बदलण्याची रुळलेली पद्धत, आणि काहींना प्रतीक्षा यादी. दोन्ही गट प्रतीक्षा यादीपेक्षा सरस ठरले, एकमेकांशी मात्र बरोबरीत सुटले. त्याआधी 2012 साली लॉस एंजेलिसमध्ये 128 जणांवर एकेकट्याला दिलेल्या अ‍ॅक्ट आणि सीबीटीची तुलना झाली होती. तिथेही सुधारणा जवळपास सारखीच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 च्या मार्गदर्शनात सामाजिक चिंतेसाठी एकेकट्याला दिलेल्या सीबीटीला पहिली पसंती दिली, गटाला तिच्या वर ठेवू नये म्हटलं, आणि सजगतेवर, म्हणजे बेदाण्यासारख्या लक्ष जागेवर आणायच्या सरावावर, आधारलेले उपचार सरसकट देऊ नयेत असंही म्हटलं. म्हणून ‘जुनं सगळं फेका, आता अ‍ॅक्ट’ असं कुणी म्हणत असेल तर तो विकायला बसला आहे.

मग या पद्धतीची एवढी चर्चा का? एक कारण हिशेबाचं आहे. भारतात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. एकेकट्याला बारा भेटी देत बसलो तर रांग कधी हलणारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅक्टवर आधारित गटकार्यक्रम बनवला: दोन-दोन तासांच्या पाच भेटी, ध्वनिमुद्रित सूचना, चित्रांचं पुस्तक, आणि गट चालवायला थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. युगांडातल्या छावणीत राहणाऱ्या दक्षिण सुदानच्या 694 निर्वासित स्त्रियांवर तो तपासला गेला. 2020 साली आलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतरही त्यांचा मानसिक त्रास तुलनेच्या गटापेक्षा कमी होता.

डॉक्टर नसलेल्या माणसाकडून मानसिक उपचार, ही कल्पना आपल्याला परकी नाही. गोव्यात संगात संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी आरोग्यकेंद्रांत प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशक नेमून पाहिले, आणि सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फायदा झाल्याचं 2010 साली दाखवून दिलं. तो उपचार अ‍ॅक्ट नव्हता, पण कोण देऊ शकतं या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं.

चालू असलेल्या गोळ्यांचं काय?

गट आणि औषध एकत्र चालतात. चिंता-नैराश्यावर रोज घ्यायच्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्या कधी आणि कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या झटकन आराम देतात, म्हणून सवयही झटकन लागते. गटात हुरूप येऊन त्या एकदम बंद केल्या तर त्रास उलटतो, फिट्सही येऊ शकतात. पर्समध्ये नुसती ठेवलेली स्ट्रिप हा वेगळा विषय. ती औषध आहे की मघाचं सुरक्षा-वर्तन, हे गटात जरूर बोलावं.

गटात कधी बसू नये, आणि जाण्याआधी काय विचारावं?

आत्महत्येचे विचार, भास-भ्रम, उन्मादाचा झटका, ताबा सुटलेलं व्यसन यांपैकी काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, गट नंतर. धडधड-थरथर थायरॉइड वाढल्यानेही होते, त्यामुळे एकदा शारीरिक तपासणी झालेली बरी. मात्र तीच तपासणी पाचव्यांदा करून घेणं हे टाळण्याचंच एक रूप असतं. गाव लहान असेल आणि गटात शेजारी भेटण्याची धास्ती असेल, तर जवळच्या शहरातला किंवा ऑनलाइन गट शोधण्यात काही गैर नाही.

चौकशी करताना थेट विचारावं. गट कोण चालवतं, आणि त्यांचं मानसशास्त्राचं शिक्षण काय? गटात घेण्याआधी एकट्याने भेटतात का? कारण जो कुणालाही पैसे भरताच खुर्ची देतो, तो कुणाला गट झेपणार नाही हे बघत नाही. भेटी किती, आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर काय? भीतीला सामोरं जायचा गृहपाठ असतो का? नुसतंच डोळे मिटून बसवत असतील तर तो ध्यानाचा वर्ग झाला. ‘सहा आठवड्यांत चिंतामुक्त’ अशी हमी देणारा फलक दिसला, तर बाहेरूनच परत फिरावं.

जवळपास काहीच नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. क्रमांक 14416, चोवीस तास. ती गट चालवत नाही, पण फोनवर समुपदेशक बोलतात आणि आपल्या भागात कुठे जायचं ते सांगतात. फोनवर अनोळखी माणसाशी काय बोलायचं, हाच प्रश्न पडून हात थांबत असेल, तर तेच पहिलं वाक्य म्हणून चालेल.